घर आईच्या नावावर: आमच्या हक्कसोडपत्राचा अनुभव

फेब्रुवारी 2024 मध्ये वडील गेले तेव्हा नाशिकला पंचवटीत असलेले आमचे घर कागदोपत्री त्यांच्या एकट्याच्या नावावर होते, आणि मार्च 2025 मध्ये त्याच घराच्या मिळकत पत्रिकेवर, म्हणजे शहरातल्या मिळकतीचा धारक दाखवणाऱ्या सरकारी उताऱ्यावर, आईचे एकटीचे नाव लागले. मधला काळ वारस नोंद, हक्कसोडपत्राचा (आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या लाभात सोडण्याच्या दस्ताचा) मसुदा, दस्ताची नोंदणी आणि पुन्हा फेरफार (पत्रिकेवरच्या नावातील बदलाची नोंद) या क्रमाने गेला. हा क्रम आम्हाला आधी कोणी सलग सांगितला नव्हता. एकेक गोष्ट एकेका खिडकीवर कळत गेली. ज्यांच्या घरात असे काम आता उभे राहिले आहे, त्यांना तो एका जागी वाचता यावा म्हणून लिहीत आहे.

घर आजोबांनी बांधलेले, तळमजला आणि वर एक मजला, गोदावरीच्या गंगाघाटावर पायी जाता येईल इतके जवळ. आजोबांनंतर ते वडिलांकडे आले. जुने कागद एका पत्र्याच्या पेटीत होते आणि सप्टेंबर 2008च्या पुरात तळमजल्यावर पाणी शिरले तेव्हा ती पेटीही भिजली होती. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी चढले की आमच्या गल्लीत सामान वरच्या मजल्यावर हलवायला सुरुवात होते. त्या वर्षी धान्य, गाद्या आणि देव वर गेले, पेटी खाली राहिली. वडिलांच्या पश्चात ती उघडली तेव्हा कागद एकमेकांना चिकटलेले होते, शाई पसरली होती आणि शिक्के वाचता येत नव्हते. त्यामुळे आमच्या कामाची सुरुवात नगर भूमापन कार्यालयातून प्रमाणित नकला काढण्याने झाली. मिळकत पत्रिकेची नक्कल आणि चौकशी नोंदवहीचा उतारा असे दोन्ही मागावे, असे तिथल्याच एका कर्मचाऱ्यांनी सुचवले. हे दोन कागद पुढे प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडले, कारण घर आजोबांकडून वडिलांकडे कसे आले हे त्यांवरूनच दिसत होते. पुढे मुद्रांक शुल्काचा प्रश्न आला तेव्हाही उत्तर याच कागदांत होते. त्याविषयी खाली लिहिले आहे.

वडिलांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. अशा वेळी 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे आणि मुली हे पहिल्या वर्गाचे वारस असतात व प्रत्येकाला समान हिस्सा मिळतो. म्हणजे आई, दादा, मी आणि धाकटी बहीण अशा चौघांचा प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा झाला. मुलीचे लग्न झाले आहे की नाही, ती कोणत्या गावी राहते, याने त्यात काही फरक पडत नाही. हे मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण दिवसकार्य उरकल्यावर थोड्याच दिवसांत एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी अगदी आपुलकीने सांगितले होते, "मुलींनी सह्या देऊन टाका आणि घर मुलाच्या नावावर करा, म्हणजे पुढे कटकट नको." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, त्यांनी आयुष्यभर तसेच होताना पाहिले होते. परंतु लग्न झालेल्या मुलीला हिस्सा नसतो, हा समज चुकीचा आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क 2005च्या दुरुस्तीने दिला आहे आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट त्याला नाही, हेही स्पष्ट केले आहे. हिस्सा सोडायचा असेल तर तो आपला आहे हे जाणून सोडावा. आपला नाहीच असे समजून केलेली सही मला मान्य नाही.

आमच्या घरी यावर शांतपणे बोलणे झाले. दादा अमेरिकेत नोकरी करतो, धाकटी जळगावला असते, मी नाशिकमध्येच इंदिरानगरला राहते आणि आई त्या घरात एकटी राहते. घर तिच्या एकटीच्या नावावर असावे, तिला दुरुस्तीसाठी, भाडेकरू ठेवण्यासाठी किंवा उद्या विकण्यासाठीसुद्धा आमच्यापैकी कोणाच्या सहीची वाट पाहावी लागू नये, हे दादानेच प्रथम बोलून दाखवले. धाकटीने मोकळेपणाने सांगितले की आईच्या नावे ती आनंदाने सोडेल, दादाच्या नावे सोडायचे असते तर तिने विचार करायला वेळ मागितला असता. दादाला त्याचे वाईट वाटले नाही आणि मलाही नाही. असे बोलणे सह्यांच्या आधी होणे फार आवश्यक आहे.

पुढचा प्रश्न कोणता दस्त करायचा, हा होता. हक्कसोडपत्र फक्त सहहिस्सेदार दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात करू शकतो. ज्याचा मिळकतीत आधीपासून हिस्सा नाही, अशा माणसाला हिस्सा द्यायचा असेल तर खरेदीखत किंवा बक्षीसपत्र करावे लागते. बक्षीसपत्राचा विचार आम्हीही केला होता, परंतु राहत्या घराच्या बक्षीसपत्रावरील नाममात्र शुल्काची सवलत पती, पत्नी, मुले, नातवंडे अशा ठरावीक नात्यांना दिलेल्या दानापुरती आहे; मुलांनी आईला दिले तर ती तशी लागू होत नाही. उलट महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतील अनुच्छेद 52 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, आई, वडील, पती किंवा पत्नी यांच्या लाभात सोडल्यास ठरावीक अल्प शुल्क आहे. मिळकत किंवा नाते या चौकटीत बसत नसेल तर खरेदीखताप्रमाणे बाजारमूल्यावर शुल्क लागते, आणि पंचवटीतल्या घराचे ते काही लाखांत गेले असते. म्हणून मिळकत आजोबांपासून आली आहे हे दाखवणारे कागद आमच्यासाठी इतके महत्त्वाचे होते.

दादाची पहिली कल्पना अशी होती की तो तिथल्या नोटरीसमोर सही करून कागद कुरिअरने पाठवील. त्याने अमेरिकेत ओळखीच्या एका कुटुंबात क्विटक्लेम डीड झालेले पाहिले होते. त्या दस्ताने देणारा माणूस आपला जो काही हक्क असेल तो सोडून देतो, हक्क खरोखर आहे की नाही याची कोणतीही हमी देत नाही, आणि नोटरीसमोर सही झाल्यावर दस्त काउंटीच्या अभिलेख कार्यालयात नोंदवला जातो. घरावर कर्ज असेल तर ते अशा दस्ताने सुटत नाही. ही गोष्ट आपल्याकडेही तशीच आहे. मात्र नोंदणी अधिनियम 1908 प्रमाणे आपल्याकडे स्थावर मिळकतीतील हक्क सोडण्याचा दस्त नोंदवणे सक्तीचे आहे आणि त्यासाठी देणाऱ्याने स्वतः किंवा रीतसर कुलमुखत्यारामार्फत (पॉवर ऑफ अॅटर्नी दिलेल्या माणसामार्फत) दुय्यम निबंधकांसमोर, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर, हजर राहून सही कबूल करावी लागते. परदेशातून कुलमुखत्यारपत्र करता येते. ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे लागते आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. दादा डिसेंबरमध्ये सुट्टीवर येणारच होता, म्हणून आम्ही नोंदणीचा दिवस त्याच्या येण्यावर ठेवला. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी कुलमुखत्यारपत्राची तयारी निदान काही महिने आधी सुरू करावी, असे मी सांगेन.

त्याआधी वारस नोंद व्हायला हवी होती. मिळकत पत्रिकेवर मृत व्यक्तीचेच नाव राहिले तर हक्क सोडणारे कोण आणि कोणत्या नात्याने, हे अभिलेखात दिसत नाही. म्हणून आधी चौघांची नावे लावून घ्यावीत असा सल्ला आमच्या वकीलबाईंनी दिला. मे महिन्यात अर्ज द्यायचे ठरले होते, पण 20 मे रोजी नाशिकमध्ये लोकसभेचे मतदान होते आणि त्या सुमारास बहुतेक सरकारी कर्मचारी निवडणुकीच्या कामात होते. अर्ज प्रत्यक्षात जूनच्या पहिल्या आठवड्यात दिला. सोबत मृत्यू दाखला, वंशावळीसह सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाचे आधार व पॅन, मिळकत पत्रिकेची ताजी नक्कल आणि घरपट्टीची पावती जोडली.

इथे नावाची अडचण निघाली. मिळकत पत्रिकेवर वडिलांचे नाव "दत्तू" असे होते आणि मृत्यू दाखल्यावर "दत्तात्रय". गल्लीत त्यांना सगळे दत्तूच म्हणत आणि फार पूर्वी कोणीतरी तेच लिहून घेतले असावे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे आईचे प्रतिज्ञापत्र, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन्ही नावे असलेली एक जुनी बँक पासबुकाची प्रत दिल्यावर ते काम मार्गी लागले. ज्यांचे आई-वडील हयात आहेत त्यांनी घरपट्टी, वीजबिल, मिळकत पत्रिका आणि आधार यांवरची नावे आजच शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. त्यांच्या हयातीत ही दुरुस्ती त्यांच्या स्वतःच्या सहीने होते, नंतर तिच्यासाठी बरेच पुरावे गोळा करावे लागतात.

अर्ज दाखल झाल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. आमच्याकडे हरकत कोणाचीच नव्हती, तरी मुदत पूर्ण होणे, नोंद तपासली जाणे आणि ती मंजूर होणे यात सप्टेंबर उजाडला. त्या वाटेत आई बऱ्याचदा अस्वस्थ होत असे. वडिलांच्या नावाला कंस पडून खाली आमची चार नावे आल्याची पत्रिका मी तिला दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्यांचं नाव दिसतंय ना अजून?" दिसत होते. जुनी नोंद पुसली जात नाही. ती कंसात राहते आणि पुढची नोंद तिच्याखाली येते. हे कळल्यावर तिचा पुढच्या कामाला होकार अधिक मोकळा झाला.

ऑक्टोबरमध्ये मसुदा सुरू झाला. वकीलबाईंनी मसुदा आणि नोंदणीच्या दिवशीची हजेरी मिळून 12,000 रुपये सांगितले. त्यापूर्वी बाहेर एका एजंटाने "सगळे करून देतो" म्हणून याच्या दुपटीहून अधिक रक्कम सांगितली होती आणि मसुदा आधी वाचायला मिळेल का, या प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते. मसुदा हातात न देणाऱ्या माणसाकडे हे काम देऊ नये. याच काळात शुल्कही बदलले. अनुच्छेद 52च्या या सवलतीसाठी पूर्वी 200 रुपये लागत. ऑक्टोबर 2024च्या मध्यास राज्य सरकारने 100 आणि 200 रुपयांची अनेक शुल्के 500 रुपये केली आणि आमच्या दस्तालाही 500 रुपये लागले. जुन्या माहितीच्या आधारे चलन भरू नये, भरण्याच्या दिवशीचा दर पाहावा.

मसुद्यात काय असावे हे थोडे तपशिलाने सांगते, कारण हक्कसोडपत्राचे सगळे बळ शब्दांत आहे. लिहून देणार म्हणून आम्ही तिघे आणि लिहून घेणार म्हणून आई, प्रत्येकाचे पूर्ण नाव, वय, पत्ता, पॅन. मग मिळकतीचे वर्णन: नगर भूमापन क्रमांक, चौरस मीटरमधील क्षेत्र, बांधकाम, चारही बाजूंच्या चतुःसीमा. ही माहिती मिळकत पत्रिकेशी अक्षरशः जुळली पाहिजे. त्यानंतर मिळकत आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून आमच्याकडे कशी आली याचा इतिहास, वारस नोंदीच्या तारखेसह. मग प्रत्येकाचा एक चतुर्थांश अविभक्त हिस्सा, तो कोणाच्या लाभात सोडला, मोबदला घेतला की नाही, आणि मिळकतीवर कर्ज, गहाण किंवा दावा नाही हे कथन. आमच्या दस्तात "विनामोबदला, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय" असे शब्द आहेत. हक्क कोणाच्या लाभात सोडला ते नावानिशी लिहिणे अत्यावश्यक आहे, कारण सहहिस्सेदार अनेक असतील आणि नाव नसेल तर तो हिस्सा कोणाकडे गेला यावरून पुढे वाद होऊ शकतो. एखाद्या वारसाला हक्क सोडायचा नसेल तर बाकीच्यांच्या दस्ताने त्याचा हिस्सा कमी होत नाही. तो सहमालक राहतो. आणि वारसांत कोणी अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, असेल तर त्याच्या वतीने हक्क सोडण्यासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सर्वांची वये विचारली होती, त्याचे कारण हेच.

नोव्हेंबरमध्ये विधानसभा निवडणुकीची धामधूम संपल्यावर एका रविवारी वकीलबाई घरी आल्या. धाकटी जळगावहून आली होती आणि दादा व्हिडिओ कॉलवर होता. त्यांनी मसुदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. प्रत्येक परिच्छेदानंतर त्या थांबत आणि साध्या भाषेत अर्थ सांगत. मग त्यांनी आम्हा तिघांना वेगवेगळे विचारले: नोंदणीनंतर हा दस्त तुम्हाला एकतर्फी रद्द करता येणार नाही, फसवणूक किंवा दडपण झाले असेल तर दिवाणी न्यायालयातच जावे लागेल, हे समजले का? घर पूर्णपणे तुमच्या आईंच्या मालकीचे होईल आणि त्या ते कोणालाही देऊ शकतील, अगदी तुमच्यापैकी एकालाच किंवा बाहेरच्या कोणाला, हे मान्य आहे का? धाकटीने "हो" म्हणण्याआधी एक प्रश्न विचारला की आईने उद्या काहीच लिहून ठेवले नाही तर काय. त्यावर त्यांनी सांगितले की तसे झाल्यास आईची मिळकत पुन्हा तिच्या मुलांकडे समान वाटणीने येईल. त्या संध्याकाळी वाचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला आणि या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत मोलाचे काय झाले असे मला विचारले तर मी ते वाचनच सांगेन. आईनेही तिथे एक दुरुस्ती सुचवली. चतुःसीमेत पूर्वेच्या घराच्या मालकाचे जुने नाव आले होते. ते घर विकले गेल्याचे तिला माहीत होते.

नोंदणीची तारीख 23 डिसेंबर ठरली. त्याआधीची कामे घरून होतात आणि ती नीट झाली तर कार्यालयातला वेळ खूप वाचतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पब्लिक डाटा एन्ट्रीमध्ये दस्ताचा प्रकार, पक्षकार, मिळकत, साक्षीदार अशी सर्व माहिती भरावी लागते आणि तिचा एक क्रमांक मिळतो. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीवर ई-चलनाने भरता येते. नोंदणी फी किती लागेल हे वकीलबाईंनी आधी विचारून घेतले होते. दस्त हाताळणी शुल्क तेव्हा पानाला 20 रुपये होते, तेही ऑनलाइन भरले. कार्यालयातली वेळ ई-स्टेपइन या ऑनलाइन सुविधेवर आरक्षित केली. शुल्क ठरावीक असले तरी वार्षिक मूल्य दर तक्त्याप्रमाणे (रेडी रेकनरप्रमाणे) मिळकतीचे मूल्यांकन पत्रक दस्तासोबत लावले. डाटा एन्ट्रीत नावे मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही टाकावी लागतात. ती आधार कार्ड समोर ठेवूनच टाकावीत, कारण हीच अक्षरे पुढे सूची क्रमांक 2 वर, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यावर, उमटतात.

त्या दिवशी आम्ही साडेदहाला पोहोचलो. दादा दोनच दिवसांपूर्वी आला होता. ओळख पटवणारे म्हणून शेजारचे काका आणि मावसभाऊ आले होते. दोघांनाही मूळ आधार कार्ड आणायला सांगितले होते. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिच्यासाठी घडीची खुर्ची बरोबर घेतली होती आणि तिचा फार उपयोग झाला. अगदी अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी दुय्यम निबंधकांना घरी येण्याची विनंती करता येते, त्याची वेगळी फी असते. आईने मात्र "मी येणार" असे ठामपणे सांगितले होते.

टोकन लागल्यावर दस्त आत दिला. ऑपरेटर मुलीने आमची एन्ट्री उघडून दस्ताशी ताडून पाहिली आणि चलन वापरले गेल्याची नोंद केली, जेणेकरून तेच चलन दुसऱ्या दस्ताला लावता येऊ नये. मग एकेकाला बोलावून फोटो आणि अंगठा. दादाचे, माझे, धाकटीचे चटकन झाले. आईचे बोट यंत्र घेईना. पन्नास वर्षे भांडी, धुणे आणि भाकऱ्या केलेल्या हातांच्या रेषा झिजून गेल्या होत्या. पडद्यावर प्रत्येक वेळी लाल खूण येई आणि आई ओशाळून हात पदराला पुसे. त्या मुलीने घाई केली नाही. तिने रुमाल ओला करून दिला, काच पुसली आणि म्हणाली, "आजी, दाबू नका, नुसतं अलगद टेकवा. दुसरं बोट बघू." मधल्या बोटाने आधारची पडताळणी झाली तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईंनी सुटकेचा श्वास सोडला, इतके सगळ्यांचे लक्ष तिकडे लागले होते. वयस्कर माणसांना नेताना ओला रुमाल आणि थोडे क्रीम जवळ ठेवावे.

दुय्यम निबंधकांनी आम्हा तिघांना एकेक करून विचारले की दस्त वाचला आहे का, सही तुमचीच आहे का, स्वखुशीने करता आहात का. प्रश्न छोटे होते, पण कायद्याने सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. त्यानंतर साक्षीदारांच्या सह्या झाल्या, प्रत्येक पानावर दस्त क्रमांकाचे शिक्के पडले आणि स्कॅनिंग झाले. मध्ये सर्व्हर संथ असल्याने जेवणाची वेळ टळून गेली. मूळ दस्त आणि सूची क्रमांक 2 हातात आल्यावर तिथल्या तिथे एका बाकावर बसून आम्ही सर्व नावे, क्षेत्र आणि नगर भूमापन क्रमांक पुन्हा वाचले. चूक असेल तर ती त्याच दिवशी लक्षात आणून देणे सोपे असते. नंतर चूक दुरुस्ती पत्राचा वेगळा दस्त करावा लागतो. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे; कोणी सह्या करून कागद कपाटात ठेवत असेल तर ही मुदत निघून जाते.

नोंदणी झाली म्हणजे मिळकत पत्रिकेवरचे नाव आपोआप बदलले, असे बऱ्याच जणांना वाटते. आमच्या घराच्या बाबतीत तसे नव्हते. जानेवारी 2025 मध्ये नगर भूमापन कार्यालयात नोंदणीकृत दस्ताची प्रत, सूची क्रमांक 2 आणि मिळकत पत्रिका जोडून फेरफाराचा अर्ज दिला. पुन्हा नोटीस, पुन्हा 15 दिवस, पुन्हा तपासणी. मार्चमध्ये नोंद मंजूर झाली. आमच्या तिघांच्या नावांना कंस पडले आणि धारक म्हणून आईचे एकटीचे नाव राहिले. हक्क दस्ताने जातो, फेरफाराने नव्हे. तरीही बँक, महापालिका किंवा खरेदीदार प्रथम मिळकत पत्रिकाच पाहतात, म्हणून फेरफार अर्धवट सोडू नये. शेतजमिनीचे थोडे वेगळे असते. माझ्या सासरी दिंडोरी तालुक्यातील जमिनीचे हक्कसोडपत्र झाले तेव्हा नोंदणीची माहिती ई-फेरफार प्रणालीतून तलाठ्यांकडे गेली, नोटिशीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि मग सातबारावर बदल दिसला.

घरपट्टीवरचे नाव बदलण्यासाठी महानगरपालिकेच्या पंचवटी विभागीय कार्यालयात अर्ज केला. थकबाकी नसल्याची पावती आधी लागते. वीजजोडणीसाठी महावितरणकडे अर्ज केला. ही दोन्ही कामे एप्रिलमध्ये फारशी अडचण न येता झाली.

खर्चाचा अंदाज ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी: वकिलांचे 12,000, मुद्रांक शुल्क 500, प्रतिज्ञापत्रे, टंकलेखन व नोटरी मिळून सुमारे दीड हजार, आणि त्याखेरीज नोंदणी फी, पानामागे तेव्हाचे 20 रुपयांचे हाताळणी शुल्क, प्रमाणित नकला व झेरॉक्स. नकलांवर आम्ही मुद्दाम थोडे जास्त खर्च केले. नोंदणीकृत दस्ताच्या प्रमाणित प्रती काढून तिघांनी एकेक घेतली. मूळ दस्त आईकडे आहे आणि या वेळी तो वरच्या मजल्यावरच्या कपाटात प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात ठेवला आहे. सर्व कागद स्कॅन करून चौघांच्या ईमेलवरही पाठवले आहेत.

आता एक काम उरले आहे आणि ते सर्वस्वी आईचे आहे. घर तिच्या पूर्ण मालकीचे झाल्यामुळे तिने मृत्युपत्र करावे, असे वकीलबाईंनी सुचवले आहे. मृत्युपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क लागत नाही आणि त्याची नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांनी मात्र तिची सही पाहून आपल्या सह्या करायला हव्यात, आणि ज्यांना काही मिळणार आहे अशांना साक्षीदार करू नये. त्यात काय लिहायचे हे तिने आम्हाला विचारलेले नाही आणि आम्हीही तो विषय काढलेला नाही. पावसाळ्याआधी छपराचे काम काढायचे तिने ठरवले आहे, गवंड्याशी बोलणे झाले आहे आणि त्याच्या करारावर या वेळी तिची एकटीची सही पुरली.